शूटिंग चालू आहे, दिसत नाही का?

रस्त्याने जाणाऱ्या त्या काकांनी सरळ लेन्समध्ये बघितलं. बघून थांबले, थांबून हात हलवला, आणि कट म्हटल्यावर आम्हालाच विचारतात, "कुठल्या चॅनलवर लागणार?" कुठल्याच नाही! आमची विद्यार्थ्यांची फिल्म! तरी तो शॉट आम्हाला हवा होता!

मावळतीचा उजेड होता. तो किती वेळ टिकतो ते बाहेर शूट केलेल्यांना सांगायला नको. त्याचा रंग केल्विनमध्ये मोजतात: दुपारी पांढरा, 5600 च्या आसपास, आणि सूर्य टेकला की तांबूस, 3000 च्याही खाली. उशिरा घेतलेला क्लोजअप आधीच्या वाइडला, म्हणजे लांबून घेतलेल्या शॉटला, जुळत नाही तो नाहीच. त्यात आमची नटी त्या टेकला खरंखुरं रडली. वारा पडलेला, फोकस नेमका, आवाज स्वच्छ. आणि तिच्या खांद्यामागून काका.

आमच्या पोराने हात जोडून अडवलं होतं त्यांना. "दोनच मिनिटं थांबा ना." तर म्हणे, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" नाही ना! बापाचा असता तर हात कशाला जोडले असते?

आता युनिटमधलेच शहाणे म्हणतात, सॉफ्टवेअरने पुसून टाकू त्यांना. पुसा. तिची नजर वळली त्यांच्याकडे, चेहऱ्यावरचं सगळं एका क्षणात गेलं, ते कशाने परत आणणार?

तिथे जनरेटर व्हॅन आणि क्रेन उभी असती, वॉकीटॉकीवाली माणसं फिरत असती, तर हाच माणूस दोरीपलीकडे तासभर गुपचूप उभा राहिला असता. आमच्याकडे थर्मोकोलचा रिफ्लेक्टर आणि काठीला बांधलेला माइक, म्हणून आमचं काम म्हणजे पोरखेळ. संताप याचा येतो.

वॉचमनलोकांचंही तेच. मोबाइलवर दिवसभर रील काढा, कोणी हटकत नाही. ट्रायपॉडचे पाय उघडले की "परवानगी कुठाय?" पत्र दाखवलं की "शिक्का कुठाय?" शिक्का दाखवला की "साहेब नाहीयेत." तोवर ऊन डोक्यावर येतं आणि नटांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात.

भर उन्हात सेकंदाला 25 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंद धरायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी लेन्सवरची काळी काच, लागतोच. तो मागितला की "शटरचा स्पीड वाढव ना, काय फरक पडतो?" फरक पडतो! धावणारा माणूस तुटक तुटक दिसतो!

आणि "पोस्टमध्ये बघू", म्हणजे शूटिंगनंतर निस्तरू, म्हणणाऱ्यांना एकदा माझ्या जागी एडिटला बसवा. माइकवर फर चढवली तरी जोराचा वारा आत घुसतोच. आवाजाची लेव्हल मर्यादेबाहेर जाऊन फुटली की शब्द गेले. मग डबिंग. बंद केबिनमध्ये हेडफोन घालून त्या मुलीने तसंच रडायचं, तेही ओठांना जुळवून.

एवढं सगळं निस्तरून फिल्म दाखवायला न्यावी, तर समोरून ठरलेला प्रश्न येतो: "तुम्हा विद्यार्थ्यांच्या सगळ्या फिल्म एकाच खोलीत का घडतात?"

अहो, खोलीला दार असतं! आतून कडी लावता येते!