डेटा पुसला म्हणून दावा पुसला जात नाही

कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: "गेटच्या ॲपमधून तुमची माहिती फुटली तरी कंपनीने डेटा डिलीट करून माफी मागितली की केस 'मूट' (निष्फळ) होते. भरपाई देऊ केली तर विषयच संपला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही हेच म्हटलंय. उगाच वकिलावर पैसे घालवू नका."

पैसे घालवायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. बाकीचं तपासू.

"डिलीट केलं, केस संपली." अर्धं खरं, म्हणून पटकन पटतं. दावा लावल्यानंतर घडलेल्या गोष्टी कोर्ट विचारात घेतं. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७५ सालीच पसुपुलेटी वेंकटेश्वरलू निकालात ते सांगितलंय. पण निष्फळ होते ती एकेक मागणी. 'माझी माहिती काढून टाका' एवढंच मागितलं असेल, तर ती काढल्यावर कोर्टाने द्यायचं काय? मेंटेनन्स भरताना दिलेल्या कार्डाचे तपशील फुटून खात्यातून रक्कम गेली असेल आणि तीही मागितली असेल, तर ती मागणी उभीच राहते. कंपनीने सर्व्हर धुऊन काढला म्हणून पैसे परत येत नाहीत.

शिवाय, डिलीट केलं हे म्हणतंय कोण? कंपनीच. तिचा वकील पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देतो: 'वादीची माहिती नष्ट केली आहे, सबब दावा निकाली काढावा.' बॅकअपचं काय, ज्या एजन्सीला यादी दिली तिच्याकडच्या प्रतीचं काय, पुन्हा गोळा करणार नाही याची हमी कुठंय, हे त्या कागदावर सहसा नसतं. त्यावर आपला 'से' (लेखी म्हणणं) देताना नेमकं तेच विचारायचं.

अमेरिकेचं तर साफ उलटं आहे. २०१६ च्या कॅम्पबेल-एवाल्ड विरुद्ध गोमेझ खटल्यात, संमतीशिवाय आलेल्या जाहिरातीच्या एसएमएसबद्दल कंपनीने दर मेसेजमागे १,५०३ डॉलर देऊ केले होते. वादीने ते घेतले नाहीत. न स्वीकारलेल्या देकारामुळे खटला मूट होत नाही, असं कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं. पूर्ण रक्कम वादीच्या नावे खरोखर जमाच केली तर काय, हा प्रश्न मात्र तेव्हा मोकळा ठेवला.

खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही. आयटी कायद्याच्या कलम ४३-अ खाली भरपाई मिळते ती 'संवेदनशील' माहितीसाठी. २०११ च्या नियमांतल्या यादीत पासवर्ड, बँक-कार्डाचे तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे आहेत. नुसता मोबाइल नंबर किंवा गाडीचा नंबर नाही. ५ कोटींपर्यंतची मागणी शिवाजीनगर कोर्टात नाही, राज्याच्या आयटी सचिवांपुढे न्यायची असते, म्हणजे मंत्रालयाची वारी आलीच. आणि २०२३ चा नवा डेटा संरक्षण कायदा पूर्ण लागू झाला की हे ४३-अ वगळलं जाणार आहे. त्यातला दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, पण तो जमा होतो सरकारी तिजोरीत.