चिपयुद्ध आणि ‘शोभेच्या’ तज्ज्ञ : फिरत्या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : अमेरिका-चीन तंत्रज्ञानस्पर्धेवर महिला धोरणतज्ज्ञांनी बोलणे हा शोभेचा कार्यक्रम आहे, विषय अभियंत्यांचा आणि लष्कराचा आहे, धोरण म्हणजे नुसता कागद, बायका शेवटी शांततेचाच सूर लावणार, आणि सीमाभागाला यातले काही लागत नाही.

शोभेचा मुद्दा आधी घेऊ. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर व्यापक निर्बंध घातले, तेव्हा वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो होत्या आणि त्याच खात्यात निर्यात-प्रशासन थिया केंडलर पाहत होत्या. मार्च २०२३ मध्ये चिपनिर्मितीच्या यंत्रांवर आणखी निर्यातबंधने येणार असल्याचे नेदरलँड्सच्या संसदेला पत्राने कळवले, तेही तिथल्या व्यापारमंत्री लीश्ये स्क्राइनमाखर यांनी.

मंत्री वेगळ्या आणि तज्ज्ञ वेगळ्या, असे कोणी म्हणेल. त्यासाठी अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांचे उदाहरण पुरेसे आहे. चिपची रचना मोजक्या कंपन्यांपुरती न राहता विद्यापीठाच्या वर्गात शिकवता यावी, अशी पद्धत त्यांनी कार्व्हर मीड यांच्यासह १९७० च्या दशकात घडवली. बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत आज व्हीएलएसआय, म्हणजे चिपरचनेचा विषय, शिकणारी मुले-मुली त्याच परंपरेत शिकत आहेत. पुढे १९८३ मध्ये कॉनवे अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेत गेल्या आणि जपानच्या ‘पाचव्या पिढीच्या संगणक’ प्रकल्पाच्या धास्तीतून उभ्या राहिलेल्या संगणन कार्यक्रमाच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. अभियांत्रिकी, लष्कर आणि धोरण यांची मजकुराने केलेली वाटणी या एका बाईच्या कारकिर्दीतच टिकत नाही.

‘धोरण म्हणजे नुसता कागद’ हे वाक्य मात्र सीमाभागातून पुढे पाठवले जावे, याचे नवल वाटते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत कागदावर आखलेल्या रेषेने शाळेची भाषा, सातबाऱ्याची भाषा आणि दुकानाच्या पाटीची भाषा कशी ठरते, हे बेळगावकराला कोणी समजावून सांगायला नको. निर्यात परवान्याची यादी हीसुद्धा कागदावरची रेषाच असते.

शांततेच्या सुराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रायमोंडो यांनी निर्बंध आवळले. कृत्रिम बुद्धिमत्ता धोरणाच्या अभ्यासक हेलन टोनर यांनी २०२३ मध्ये सहलेखकांसह असे मांडले की कृत्रिम बुद्धिमत्तेतील चीनची ताकद फुगवून सांगितली जाते आणि त्या भीतीपोटी अमेरिकेने नियमन टाळू नये. चीनच्या माजी उपपरराष्ट्रमंत्री फू यिंग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात दोन्ही देशांच्या सहकार्याचा आग्रह धरतात. या तिघींचा सूर एकच आहे, असे म्हणायला तिघींपैकी एकीचेही न वाचलेले असावे लागते.

राहिला सीमाभागाचा मुद्दा. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला आणि भारतातील वाहनउद्योगाचा चुंबकपुरवठा विस्कळीत झाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीला ते चुंबक लागत नाही, हे खरे आहे. पण मोटरीतल्या चुंबकाअभावी गाडीच अडली, तर तिच्यासाठी ओतलेला बिडाचा भागही गोदामात पडून राहतो.