फ्लँडर्सचा सिंह लुटून आणलेला नाही

पिवळ्या जमिनीवर काळा सिंह, तांबड्या नख्या, तांबडी जीभ. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात गेलं की हा झेंडा जागोजागी दिसतो आणि त्याच्यासोबत एक गोष्टही ऐकायला मिळते. फ्लँडर्सचा काउंट, म्हणजे तिथला सत्ताधीश, फिलिप, अल्सास घराण्याचा, 1177 मध्ये क्रुसेडसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धासाठी, पॅलेस्टाईनला गेला. तिथे त्याने एका सारासेन, म्हणजे मुस्लिम, राजाला लढाईत मारलं आणि त्याची काळ्या सिंहाची सोनेरी ढाल हिसकावून घेतली. तोवर घराण्याची ढाल वेगळी होती: निळ्या-सोनेरी त्रिकोणी फाका आणि मधोमध छोटी लाल ढाल. ती टाकून त्याने सिंहाला कुलचिन्ह केलं. शेकडो वर्षं ही कथा अशीच सांगितली जाते आहे. रंगतदार आहे, पण तपासायला घेतली की एकेक दुवा निखळतो.

आधी तारीख पाहू. फिलिप 1177 मध्ये पूर्वेला गेला हे खरंच आहे. पण ढालीवर सिंह असलेली त्याची मुद्रा 1162 च्या सुमाराची आहे. म्हणजे ज्या लुटीतून सिंह मिळाला म्हणतात, तिच्या पंधराएक वर्षं आधीच तो फिलिपच्या मेणाच्या मुद्रेवर उमटत होता. त्या वेळी वडील तिएरी हयात होते आणि फिलिप त्यांच्यासोबत कारभार पाहत होता. यावर कुणी म्हणेल, मेणाला रंग नसतो, काळा-सोनेरी रंग तरी पूर्वेहून आला असेल. पण कथेचा दावा रंगापुरता नाही. जुनी ढाल जाऊन सिंह आला, असं ती सांगते, आणि तिथेच ती खोटी पडते.

आता ती मोहीम. जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा चौथा बाल्डविन हा फिलिपचा मामेभाऊ, त्याच्या आईच्या सावत्र भावाचा मुलगा. त्याने फिलिपला राज्याचा कारभार सांभाळायला सांगितलं, फिलिपने नकार दिला. मग तो उत्तरेकडे गेला आणि सीरियातल्या हारिमच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. किल्ला पडला नाही. 1178 मध्ये वेढा उठवून तो परतला. त्या काळचा इतिहासकार विल्यम ऑफ टायर याने हे सगळं सविस्तर लिहिलं आहे, तेही फिलिपवर रागावून. त्यात कुणा राजाचा वध नाही आणि ढालही नाही. अपयशी मोहिमेला पुढे कुणीतरी विजयाची कथा चिकटवली, असंच मला वाटतं.

सारासेन राजाच्या ढालीवर सिंह असूच शकत नव्हता, असं मी म्हणणार नाही. सिंह तिकडच्या कलेतही जुनाच आहे. पण सिंह ही आपली खूण म्हणून पूल-इमारतींवर कोरून घेणारा त्या भागातला सर्वांत प्रसिद्ध सुलतान म्हणजे बायबर्स. आजच्या इस्रायलमधल्या लोदजवळच्या त्याच्या पुलावर ते सिंह आजही दिसतात. तो पूल 1273 चा, फिलिपच्या मोहिमेनंतर जवळजवळ शंभर वर्षांचा.

‘जुन्या’ ढालीचं तर विचारूच नका. ती थेट सातव्या शतकातल्या लिडेरिक या दंतकथेतल्या मूळपुरुषापर्यंत नेली जाते. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी कुलचिन्हं युरोपात रुजली ती बाराव्या शतकात. सातव्या शतकात तसली ढाल असणंच शक्य नाही.

मग सिंह आला कुठून? माझं बोट फिलिपच्या आजोळकडे जातं. त्याची आई सिबिला ही फ्रान्समधल्या आंजूच्या काउंट फुल्कची लेक आणि जेफ्री प्लांटाजेनेटची बहीण. जेफ्रीच्या थडग्यावरची मिनाकारीची तबकडी फ्रान्समधल्या ल माँ इथे जपलेली आहे. तिच्यात त्याच्या निळ्या ढालीवर सोनेरी सिंह उभे आहेत. युरोपातल्या सर्वांत जुन्या कुलचिन्हांत ती गणली जाते. मामाच्या ढालीवर सिंह आणि काही वर्षांत भाच्याच्या मुद्रेवर सिंह. हा पक्का पुरावा म्हणता येणार नाही, कारण सिंह तेव्हा इतरही घराणी घेऊ लागली होती. पण शत्रूच्या लुटीपेक्षा ही वाट कितीतरी सरळ आहे.

‘अल्सास’ या नावाबद्दलही गोंधळ आहे. सिंह म्हणजे अस्सल फ्लेमिश रक्ताची खूण, असं ठासून सांगितलं जातं. पण हे घराणं लोरेनच्या ड्यूकांचं, मूळ अल्सासचं. 1127 मध्ये काउंट चार्ल्सचा ब्रुजच्या चर्चमध्ये खून झाला, वारसा पेटला आणि 1128 मध्ये तिएरी काउंट झाला. त्याचा हक्क होता तो आईमुळे: गर्ट्रूड ही फ्लँडर्सचा काउंट पहिला रॉबर्ट याची मुलगी.

या कथेचा मला खरा राग येतो तो इथे. तलवार आणि लूट पुढे आणून ती बायकांना पुसून टाकते. फिलिप 1191 मध्ये एकर शहराच्या वेढ्यात साथीने गेला, औरस मूलबाळ नव्हतं. फ्लँडर्स आणि सिंह दोन्ही बहीण मार्गारेटकडून एनो घराण्यात गेले. पुढे तिची नात, तीही मार्गारेटच, हिच्यामुळे ते दाम्पियेर घराण्याकडे आले. त्याच घराण्यातला रॉबर्ट आज ‘फ्लँडर्सचा सिंह’ म्हणून ओळखला जातो. 11 जुलै 1302 ला कोर्त्रेकच्या लढाईत फ्लेमिश सैन्याने फ्रेंचांना हरवलं, तो दिवस फ्लँडर्समध्ये सण म्हणून पाळतात, पण त्या दिवशी तो फ्रान्सच्या कैदेत होता. बापाचं घराणं दाम्पियेर असूनही इतिहासात त्याचं नाव रॉबर्ट ऑफ बेथ्यून असं आहे, आणि बेथ्यून हे त्याची आई माटिल्डा हिचं माहेर.