पुढची ७१८ आणि आमच्या कट्ट्यावरचे प्रश्न

काल रात्री जेवून पडवीत मोबाईल घेऊन बसलेलो तर आई म्हणाली, काय बघतस इतक्या? म्हटलं गाडी. "कोणाची?" म्हटलं अजून कोणाचीच नाय, येवची आसा. त्यावर ती काही बोलली नाही, नुसतं एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. ते बघणं पुरेसं होतं.

तर विषय असा की आम्ही चारपाच जण गेलं वर्षभर अशा एका गाडीवरून भांडतोय जी अजून शोरूमला आलेली नाही आणि आली तरी आमच्या सिंधुदुर्गात, एमएच-०७ मध्ये पासिंगला येईल असं कोणाला वाटत नाही. पोर्शे या जर्मन कंपनीची स्पोर्ट्स कार ७१८, तिची पुढची पिढी. आमच्यात एक मेस्त्री आहे म्हणजे गॅरेजवाला, एक मास्तर, एक आंबा बागायतदार, एक माझा मावसभाऊ जो गोव्यात हॉटेलात कामाला आहे आणि तिथे पार्किंगमध्ये कुठली गाडी आली की लगेच फोटो पाठवतो, आणि मी. पाच जणांची सगळी वाहनं विकली तरी त्या गाडीचे चार टायर येतील का शंका आहे. पण म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं थोडीच आहे?

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. ७१८ म्हणजे बॉक्स्टर आणि केमन, पहिलीचं छप्पर उघडतं, दुसरीचं नाही. बॉक्स्टर १९९६ ला आली, अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २०४ हॉर्सपॉवर, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, आणि मुख्य गंमत म्हणजे इंजिन पुढे पण नाही आणि पार शेपटीत पण नाही, सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटात. २०१६ ला तिला ७१८ हे जुन्या रेस कारचं नाव दिलं आणि त्याच वेळी चार सिलिंडरचं टर्बो बसवलं, त्यावरून जगभर लोकांनी आवाजाच्या नावाने एवढी बोंब मारली की नंतर चार लिटरचं सहा सिलिंडरवालं इंजिन परत आणावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिचं उत्पादन थांबलं. युरोपात तर २०२४ च्या जुलैपासूनच बहुतेक मॉडेल्स बंद झालेली आणि कारण धूर नाही बरं का, सायबर सिक्युरिटीचा नवा नियम. हे ऐकून मेस्त्री म्हणाला, "आमची धक्को मारून चालू होणा नाय, हॅक कोण करतलो?"

आता पुढची जी येतेय ती आधी फक्त इलेक्ट्रिकच असणार होती. मग तारखा पुढे पुढे गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच सांगितलं की वरच्या मॉडेल्सना पेट्रोल इंजिन पण देणार. झालं, कट्टा पेटला. मास्तर म्हणतात बॅटरीसाठी आखलेल्या सांगाड्यात इंजिन, टाकी, सायलेन्सर हे सगळं बसवणार कुठे, घर बांधून झाल्यावर विहीर खणायला जागा शोधण्यातला प्रकार आहे हा. प्रश्न रास्त आहे. बागायतदाराला फक्त हॉर्सपॉवर किती आणि शून्य ते शंभर किती सेकंदात एवढंच हवं असतं. मावसभावाला स्क्रीन किती इंचाची. आणि मी सगळ्यांशी भांडतो कारण माझा प्रश्न एकच आहे आणि तो कोणाला इंटरेस्टिंग वाटत नाही.

वजन किती?

हे मला कुठून लागलं ते सांगतो. बाबांची मारुती ८०० होती, मी तिच्यावरच शिकलो. ७९६ सीसी, चाळीसच्या आत हॉर्सपॉवर, आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. ती गाडी घेऊन आंबोली चढलाय का कधी? पावसात, दुसऱ्या गिअरमध्ये, काच थोडी खाली करून? स्टिअरिंगमध्ये पॉवर नाही काही नाही पण पुढच्या चाकाखाली खडी आली की हाताला कळायचं, शेवाळ आलं की हाताला कळायचं, वळणावर गाडी जिथे बघाल तिथे जायची. स्पीड चाळीस, आणि वाटायचं आपण रॅलीत आहोत. नंतर एका नातेवाईकाची भलीमोठी एसयूव्ही त्याच घाटात चालवली, पाचपट ताकद असेल, पण प्रत्येक वळणाला असं वाटत होतं की मी कोणाला तरी विनवणी करतोय, बाबा वळ, वळ रे आता. ताकद पैसे देऊन वाढवता येते, वजन मात्र एकदा अंगाला चिकटलं की चिकटलं. ब्रेक मोठे लागतात, टायर रुंद लागतात, स्प्रिंग कडक लागतात, मग त्यांचं पण वजन वाढतं, आणि शेवटी सगळी गाडी स्वतःलाच सांभाळण्यात दमते.

आत्ताची बंद झालेली केमन साडेतेराशे किलोच्या आसपास होती. आणि आपल्याकडे २०२५ च्या जुलैत एमजीची सायबर्स्टर आली ती बघा, इलेक्ट्रिक, छप्पर उघडतं, दरवाजे पंखासारखे वर जातात, ५१० हॉर्सपॉवर, शंभर सव्वातीन सेकंदात, पंचाहत्तर लाख. मावसभावाने फोटो पाठवला तेव्हा मी पण दोन मिनिटं गप्प होतो, खोटं कशाला बोलू, देखणी आहे. पण वजन जवळपास दोन टन! दोन माणसं बसायची गाडी नि दोन टन म्हणजे आमच्या तीन मारुती. सरळ रस्त्यावर उडेल ती, पण मला सरळ रस्ता नकोय, आमच्याकडे तो आहेच कुठे, हायवेला आहे म्हणावं तर तिथे सर्व्हिस रोडवरून म्हैस कधी येईल नेम नाही.

म्हणून नवीन ७१८ ची बॅटरी कुठे ठेवलीय हा माझा दुसरा प्रश्न, आणि हा पण वजनाचाच भाऊ. साध्या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी फरशीखाली पसरलेली असते, त्यामुळे माणूस वर बसतो, सिट आऊटमध्ये पाटावर बसल्यासारखा. स्पोर्ट्स कारमध्ये ढुंगण जमिनीला टेकलं पाहिजे. २०२१ ला म्युनिकला पोर्शेने मिशन आर नावाची एक इलेक्ट्रिक रेस कार दाखवलेली, तिच्यात बॅटरी ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवली होती, म्हणजे जिथे इंजिन असायचं साधारण तिथेच. वजन तिथे ठेवलं की गाडी पोटातून वळते, नाकातून नाही, आणि बसायला खाली जागा मिळते. हे जर रस्त्यावरच्या गाडीत नीट जमवलं तर मी इलेक्ट्रिकबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. त्या मिशन आरची बॉडी बरीचशी जवसाच्या धाग्याची होती हे वाचल्यापासून बागायतदार म्हणतोय की मग आमच्या काथ्याने काय घोडं मारलंय, वेंगुर्ल्याला ऑर्डर द्या म्हणावं.

आवाजाचा वाद मी इथे काढत नाही, तो काढला की रात्र जाते. एवढंच सांगतो की ह्युंदाईने आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर आणि खोटा इंजिनाचा आवाज दिलाय आणि चालवलेले लोक म्हणतात मजा येते. मला आधी हसू आलं. मग आठवलं आमच्या दशावतारात राक्षस खोटाच असतो, लाकडाची तलवार असते, तरी आपण पहाटेपर्यंत बसतोच की. तेव्हा सोंग असेल तर असू दे, पण वठलं पाहिजे.

गिअरचा प्रश्न मात्र मी घाटाच्या बाजूने विचारतो, आणि हा प्रश्न मला अजून कोणी विचारलेला दिसला नाही. पेट्रोल गाडीत आपण आंबोली उतरताना दुसरा टाकतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याची काय अवस्था होते ते खाली दाणोलीला वास घेतलात तर कळेल. इलेक्ट्रिकमध्ये ते काम मोटर करते, जनरेटरसारखी चालून वीज बनवते आणि बॅटरीत भरते. छान. पण समजा वरती हॉटेलात राहिलो, रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी शंभर टक्के, आणि निघालो तो लगेच उतार. भरलेल्या कळशीत पाणी कुठे ओतणार? अशा वेळी ती वीज घ्यायला बॅटरीत जागा नसते आणि मग ते धरून ठेवणं कमी होतं. यावर उपाय असतात, काही गाड्या स्वतःहून ब्रेक मिसळतात, किंवा आपणच ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं, पण पायाखालचा फील बदलला की नाही हे मला कागदावर नको, घाटात उतरून सांगा. (रात्रभर चार्जिंग हे पण मी फार आशावादी धरून चाललोय, आमच्याकडे जूनमध्ये लाईट रात्रभर असते असं समजणाऱ्याला दंडवत.)

स्क्रीनबद्दल. मावसभावा, तू हे वाचणार आहेस, म्हणून इथेच सांगतो. वायपर आणि एसीचं काम स्क्रीनमध्ये लपवणाऱ्या माणसाला जुलैत एकदा सावंतवाडी ते कुडाळ आणावा. समोर पाणी, काचेवर वाफ, बोटं ओली, आणि हा मेनू उघडतोय. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला मार्क देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझार्ड असल्या गोष्टींना खरी बटणं नसतील तर मार्क कापायचं ठरवलंय, म्हणजे तिकडच्या शहाण्यांना पण कळलं. नवीन ७१८ ला बटण असावं, दाबल्यावर टक् असं वाजणारं.

आणि आता आमच्या गावचे प्रश्न, जे कंपनीला कोणी विचारत नाही. मेस्त्रीने फोटो बघून पहिलं वाक्य टाकलं, "हेच्या खाली हात घालूक जागा खंय आसा?" बरोबर आहे. पोर्शेच्याच ९११ ला नाक वर उचलायचं बटण मिळतं, आणि त्यात जागा लक्षात ठेवायची सोय पण आहे, एकदा स्पीडब्रेकरवर उचललं की पुढच्या वेळी जीपीएसवरून आपोआप उचलते. भारी आहे, पण आमच्या वाडीपासून हायवेपर्यंतच सगळं पाठ करता करता तिचं डोकं भरेल. तेरेखोलची फेरीबोट आठवा, भरती-ओहोटीप्रमाणे त्या फळीचा कोन बदलतो, तिथे साध्या गाडीचा बंपर घासतो तर हिचं काय होईल. कापडी छप्पर पावसाळ्यात किती दिवसांत हिरवं होतं हा पण प्रश्न आहे, आमच्याकडे कपाटातल्या बेल्टला बुरशी येते हो. बॉक्स्टरचं छप्पर नऊ सेकंदात बंद व्हायचं, ताशी पन्नासपर्यंत गाडी चालू असताना. मृगाची सर नऊ सेकंद थांबत नाही.

पण सगळ्यात मोठा प्रश्न खाऱ्या वाऱ्याचा. माझी आधीची हॅचबॅक, कंपनीचं नाव घेत नाही, घर समुद्रापासून चारशे मीटरवर, आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने मला सांगितलेलं की खालून कोटिंगची गरज नाही, कंपनीनेच केलेलं असतं. सात वर्षांनी मेस्त्रीने खाली झोपून स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो आत गेला. पत्रा नव्हताच, गंजाचा पापड होता. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीचं ब्रोशर बघताना रंगाच्या पानावर थांबतच नाही. आणि म्हणून मला ती सॅन स्टॉर्म आठवते, नव्वदच्या शेवटी गोव्यात बनायची, दोन सिटांची, रेनॉचं बाराशेच्या आतलं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर, आणि बॉडी फायबरची! लोक हसायचे तिला, मी पण लहानपणी बांद्याला एक बघून हसलो होतो. आज वाटतं हलकी, उघडी, न गंजणारी गाडी आमच्या शेजारीच बनत होती आणि आपण हसत बसलो. तिच्याकडे आवाज नव्हता, वेग नव्हता, पण मी जे प्रश्न विचारतोय त्यातल्या निम्म्यांची उत्तरं होती तिच्याकडे.

कोणीतरी कमेंटमध्ये टाकणारच की घ्यायची ऐपत नाही आणि गजाली मोठ्या. हो, नाही ऐपत. आधीचीच दीड कोटीच्या आसपास होती इथे, बाहेरून आयात होणाऱ्या गाडीवर ड्युटीच एवढी की एक गाडी आपली आणि एक सरकारची. पण क्रिकेट बघताना बॅट धरता येते का विचारतो का कोणी?

हे सगळं आज सकाळी चहाला आईला परत एकदा समजावून सांगितलं, वजन, बॅटरी, पाठीमागची जागा, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "इंजिन मागे तर डिकी खंय?" म्हटलं केमनला दोन आसत, पुढे दीडशे लिटर, मागे पावणेतीनशे. तिने बशीत चहा ओतला, थोडा विचार केला. "आणि ती बॅटरी मागे घातल्यार आंब्याच्यो पेट्यो किती रवतल्यो?"

वर्षभर पाच जण भांडतोय, हे एकालाही सुचलं नव्हतं.