ओळीला ओळ लिहिणे म्हणजे रूपांतर नव्हे

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम जावा या दुसऱ्या भाषेत न्यायचा म्हटले की ‘लॉजिक तर तयारच आहे, दोन दिवसांत होईल’ हे वाक्य दर वेळी ऐकावे लागते आणि दर वेळी तितकाच संताप येतो. उणे ७ ला ३ ने भागल्यावर बाकी काढणारे टक्क्याचे तेच चिन्ह (%) पायथनमध्ये २ देते, जावात मात्र उणे १. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो. जावाचा ‘इंट’ हा पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार मात्र २,१४,७४,८३,६४७ ओलांडताच बिनबोभाट ऋण होतो. प्रोग्रॅम तपासून भाषांतरित करणारा कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही, चूक उघडी पडते ती थेट महिनाअखेरीच्या हिशेबात, आणि तरीही दोन्ही प्रोग्रॅमची उत्तरे ताडून पाहण्यासाठी आठवडाभर मागितला की समोरच्याच्या कपाळावर आठ्या पडतात.