गाणं नको, नाव सांगा

ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या एका पोराने परवा माझा एक इअरफोन मागून घेतला. महापे ते राबाळे ऐकलं आणि परत देताना म्हणाला, "ताई, ही असली गाणी तुला सापडतात कुठे? मला तर ॲप तीच तीच दाखवतं." मी म्हटलं, शोधावी लागतात. "म्हणजे कशी?" तेवढ्यात त्याचा स्टॉप आला. राहिलेलं उत्तर इथे लिहितेय. लांब आहे, डबा खाताना वाचा.

ॲपवर माझा राग नाही. ते आमच्या भाजीवाल्यासारखं आहे. मी दिसले की तो न विचारता मेथीची जुडी पुढे करतो, कारण मी नेहमी मेथीच नेते. शेपू हवा असेल तर मला तोंड उघडून मागावा लागतो, आणि मागायला शेपू हे नाव माहीत असावं लागतं. सगळी मेख तिथे आहे. 'मूड' आणि 'चिल' आणि 'लेट नाइट' असल्या याद्या ऐकत बसलं की दोन तास छान जातात आणि शेवटी एकाही माणसाचं नाव लक्षात राहत नाही. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षभरात हजारदेखील वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसे देणं बंद केलंय. माझ्या आवडीची निम्मी गाणी त्या हजाराच्या अलीकडचीच.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. डबस्टेप, जंगल, फुटवर्क हे संगीताचे प्रकार, एकूण बेसवालं काहीही फोनच्या स्पीकरवर ऐकून "काही खास नाही गं" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्या स्पीकरमधून ४०-५० हर्ट्झ, म्हणजे अगदी खालचा स्वर, बाहेर पडतच नाही. आपल्याला जो बेस 'ऐकू येतो' तो बराचसा मेंदूने वरच्या स्वरांवरून लावलेला अंदाज असतो. बनवणारेही हुशार, मुद्दाम बेसमध्ये थोडी खरखर मिसळतात, म्हणजे फोनवर निदान त्याची सावली तरी दिसावी. खरा ५० हर्ट्झचा स्वर म्हणजे जवळजवळ सात मीटर लांबीची लाट. माझा हॉल त्याहून लहान आहे. भिंतीबिंती तिच्या खिजगणतीत नसतात.

हे मला पुस्तकातून नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांकडून कळलं. वाशीच्या एका गृहस्थांकडून मी सेकंडहँड सबवूफर, म्हणजे नुसता बेस वाजवणारा स्पीकर, घेतला होता, रिक्षात मांडीवर घेऊन ऐरोलीला आणला. दुसऱ्याच संध्याकाळी काका दारात. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "अगं, गाणं कसलं लावतेस ते ऐकूच येत नाही. नुसते आमच्या मांडणीवरचे पेले वाजतात. वाजवायचंच तर गाणं तरी ऐकू येऊ दे!" मी खाली जाऊन पाहिलं. वर गाणं चालू होतं आणि काकूंचे स्टीलचे पेले एकमेकांना खेटून बारीक किणकिणत होते, एक ठरावीक स्वर आला की जास्तच. आम्ही दोघींनी पेल्यांमध्ये फडकी घातली. मग मी वूफरखाली जाड रबराची चटई टाकली, वेळ सात ते आठ ठरली. आता एखाद्या दिवशी शांतता असली की काका लिफ्टमध्ये विचारतात, "काल पेले वाजले नाहीत, बरं आहे ना?"

असो. शोधायचं कसं?

माझी रीत साधी आहे. एक गाणं आवडलं की दुसरं गाणं शोधायचं नाही, त्या गाण्याभोवतीची माणसं शोधायची. लेबल (म्हणजे गाणं काढणारी कंपनी) कुणाचं, मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) कुणी केलं, रिमिक्स कुणी केलं, पहिल्यांदा रेडिओवर कुणी वाजवलं. बँडकॅम्प ही बनवणाऱ्यांकडून थेट गाणी विकत घ्यायची साइट. तिथे प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी छोटी चित्रं असतात. त्यातल्या एकावर बोट ठेवलं की त्या माणसाचं अख्खं कपाट उघडतं. बंगळुरूच्या ओशनटाइडचं एक रेकॉर्ड मी असंच घेतलं, मग खालची चित्रं उघडत बसले. कुठल्याशा देशातला एक अनोळखी माणूस, आणि त्याच्याकडे माझ्याकडचे अकरा अल्बम! मग त्याच्याकडचे जे माझ्याकडे नाहीत ते ऐकायचे. रात्रीचा एक वाजतो. हे दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पुस्तकांच्या कपाटासमोर मान वाकडी करून उभं राहण्यासारखं आहे, फक्त इथे घरमालक चहा विचारत नाही.

लेबलांचंही तसंच. हायपरडब, डीप मेडी, हेसल ऑडिओ ही नावं एकदा कळली की वर्षभराची सोय होते, कारण लेबल चालवणाऱ्याचा कान तुम्हाला उसना मिळतो. लंडनचं एनटीएस आणि दिल्लीचं बॉक्सआउट हे नेटवरचे रेडिओ लावून ठेवते, स्वयंपाक करताना. मूळची मुंबईची संगीतकार सँड्यून्स कुणासोबत काम करतेय ते बघते. आणि आवडलं तर शंभर-दोनशे रुपये देऊन विकत घेते, कारण बँडकॅम्प साधारण पंधरा टक्के कापून बाकीचं बनवणाऱ्याच्या हातात देतं. चहा-वडापावच्या पैशात कुणाची तरी वीज भरली जाते.

नाव एवढं का महत्त्वाचं, तर चरणजित सिंगांची गोष्ट ऐका. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा मुंबईचा वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. तबकडी निघाली, कुणी विचारलं नाही. त्यातल्याच एका यंत्राचा तसाच चिरका आवाज घेऊन शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये तबकडी काढली आणि जगाने त्याला ॲसिड हाऊस म्हटलं. चरणजित सिंगांची तबकडी वीसेक वर्षांनी एका डच संग्राहकाच्या हाती लागली, तो मुंबईत त्यांच्या घरापर्यंत पोचला, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि म्हातारपणी माणूस परदेशात कार्यक्रम करून आला. तबकडीवर नाव छापलेलं होतं म्हणून घर सापडलं.

आता गोठिवली गावची गोष्ट. खरं तर तेवढ्यासाठीच ही पोस्ट आहे.

गेल्या फेब्रुवारीत मैत्रिणीच्या भावाची हळद होती. मांडवाबाहेर टेम्पो, दोन्ही बाजूंना चार-चार बेस, वर टॉप, मागे जनरेटर. आगरी गाणी चाललेली, त्यांवर पॅडचे ठोके, आत्या-मावश्या रंगात आलेल्या. मी थम्सअपचा ग्लास घेऊन कडेला. नऊच्या सुमारास एक ट्रॅक लागला. आधी नुसता संबळ, कुणीतरी अंगणात मोबाइलवर रेकॉर्ड केल्यासारखा खरखरीत. मग एका म्हातारीचा आवाज, धवला म्हणणारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लग्नविधींची गाणी म्हणते, तो धवला. तिची एकच ओळ कापून कापून परत परत येत होती. मग सगळं थांबलं. दोन मोजेपर्यंत पूर्ण शांत. आणि खालून बेस आला. ठोक्यासारखा आदळला नाही, सरकत आला, वाकत वाकत. माझ्या ग्लासातल्या थम्सअपवर गोल गोल कड्या उठल्या. ठोका निम्म्यावर आला होता. नाचणाऱ्यांना क्षणभर कळेना पाय कुठे टाकायचा. मग एका आत्याने पदर खोचला, निम्म्या चालीवर संथ झुलायला लागली आणि तिच्यामागे अख्खा मांडव.

मी वीस वर्षं लंडनच्या डबस्टेपमागे आहे. अंगावर असा काटा फार थोड्या वेळा आलाय.

धावत टेम्पोकडे गेले. लॅपटॉपवर विशीतला एक मुलगा.

"दादा, हा ट्रॅक कुणाचा?"

"आवडला काय ताय?"

"बनवलाय कुणी?"

"दिवा गावच्या पोऱ्यानं. आपल्यालाच दिलाय, दुसऱ्या कुणाकडं नाय."

"नाव काय त्याचं?"

तो हसला. "नाव सांगितला तर उद्या समोरच्या गाडीवर वाजंल. सीझन संपला का यूट्यूबला टाकनार हाय तो, तवा ऐका."

मी तिथेच उभी राहून हसत सुटले. कारण १९५० च्या दशकात जमैकात किंग्स्टनचे साऊंड सिस्टमवाले, म्हणजे मोठाले स्पीकर लावून लोकांना नाचवणारे, हेच करायचे. अमेरिकेतून आणलेल्या तबकड्यांवरची लेबलं खरवडून काढायचे, म्हणजे समोरच्याला गाणं कुणाचं ते कळू नये. लंडनमध्ये डबस्टेपवालेही तेच. ताजा ट्रॅक ट्रान्झिशन नावाच्या स्टुडिओत नेऊन एकाच तबकडीवर कापून घ्यायचे, डबप्लेट म्हणतात तिला. ती पन्नासेक वेळा वाजवली की झिजायला लागते. महिनोन्‌महिने तो ट्रॅक फक्त त्या दोन-चार जणांकडे. ऐकायचा तर तिथे जायचं, नाहीतर रिन्स एफएमसारखं चोरटं रेडिओ स्टेशन लावायचं. ते १९९४ पासून बेकायदा चालू होतं, लायसन्स २०१० मध्ये मिळालं. २००६ च्या जानेवारीत बीबीसीवर मेरी ॲन हॉब्ज या निवेदिकेने या मंडळींना एका रात्री एकत्र आणलं आणि मग जगाला पत्ता लागला. हे सगळं उभं राहिलं ते क्रॉयडनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाच्या आधाराने. क्रॉयडन म्हणजे लंडनचं ठाणं समजा. खास लंडनमधले लोक नाव ऐकून नाक मुरडतात, तसं.

यात माझी एक तक्रार आहे, ती आपल्याच लोकांबद्दल. मी ज्या ग्रुपांवर असते तिथे "क्रॉयडनच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी बेडरूममध्ये फ्रूटी लूप्सवर काय केलं बघा" याचं अपार कौतुक चालतं. दिव्याच्या पोराने त्याच सॉफ्टवेअरवर तेच केलं की तो 'छपरी'. तरू दालमिया आणि समारा चोप्रा यांनी दिल्लीत जमैकन धाटणीची साऊंड सिस्टम उभी केली तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, डोलावण्यासारखंच काम आहे ते. पण बेसच्या पेट्या स्वतः ठोकून घेणारे, ॲम्प्लिफायर स्वतः उघडून बसणारे लोक आपल्याकडे कल्याण-भिवंडी-पनवेल पट्ट्यात गल्लीगल्लीत आहेत. त्यांचं कुणी नावही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, ऐरोलीत पंधरा वर्षं राहून.

आता कुणीतरी खाली लिहिणार, "तुमच्या शेजारी वाजलं असतं तर?" वाजलंय. एका मिरवणुकीत गाडी आमच्या गेटसमोर पंचवीस मिनिटं अडकली होती, आवाज कमी न करता. सासऱ्यांच्या बायपासला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि ते छातीवर उशी धरून बसले होते. पोलिसांना फोन मीच केला. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहानंतर भोंगे बंद, हा २००० सालचा नियम मला पाठ आहे आणि तो बरोबर आहे. मोकळ्या मैदानातला बेस आणि दोन इमारतींमध्ये कोंडलेला बेस यांत फरक आहे. गोठिवलीत दहाला गाडी बंद झाली, म्हाताऱ्यांनीच केली. पोलिसांना फोन करणारी बाई मीच आणि एका ट्रॅकसाठी महिनोन्‌महिने वणवण करणारीही मीच, दोन्ही खरं.

तर जून आला, सीझन संपला. मी यूट्यूबवर बसले. 'धवला मिक्स', 'संबळ साऊंड चेक', 'हळदी बेस', 'प्रेशर मिक्स', सुचेल ते टाकलं. जे सापडतं त्यातलं निम्मं दुसऱ्यानेच परत चढवलेलं, मूळ बनवणाऱ्याचं नाव पुसून. काही चॅनलं कॉपीराइटच्या तक्रारींत उडालेली, नुसता करडा चौकोन. या शोधात तिघे भारी सापडले. एक जण हलगीवर मिनिटाला १६० ठोक्यांच्या गतीने असं काहीतरी करतो की शिकागोचं फुटवर्क आठवावं, आणि मी विचारलं तर त्याने फुटवर्क हा शब्दच ऐकला नव्हता. त्यांना विचारून नावं कमेंटमध्ये टाकते. पण दिव्याचा पोऱ्या नाही सापडला.

माझ्याकडे त्या रात्रीचं ४३ सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. हळदीच्या ट्रॅकमध्ये बनवणाऱ्याच्या नावाची आरोळी असतेच, तशी यातही आहे. 'डीजे' स्वच्छ ऐकू येतं. 'इन द मिक्स' स्वच्छ ऐकू येतं. मधलं नाव नेमकं फटाक्यांच्या माळेत गेलंय. इअरफोन लावून, वेग कमी करून, काकांना ऐकवून, सगळं करून झालं. काकांना 'राकेश' वाटतं, माझ्या मुलीला 'रॉकी', मला दोन्ही नाही.

रेकॉर्डिंग पहिल्या कमेंटमध्ये टाकलंय. दिवा, मुंब्रा, खारेगाव, घणसोली, तळवली, गोठिवली, कुठलंही कुणी वाचत असेल तर ऐका. संबळाने सुरू होतो, म्हातारीचा धवला, मग शांत, मग बेस. लिंक नको, ती उद्या उडेल. नाव सांगा.