बीप वाजतंय, कोड टाका

"काही नाही हो, फक्त चार आकडी कोड टाकायचा," अलार्म बसवायला आलेला मुलगा दाराजवळच्या कीपॅडकडे बोट दाखवत म्हणाला. 'फक्त' म्हणणारी माणसं कोड टाकायच्या वेळी कधी हजर नसतात.

आधी कोड ठरवायला हवा. बाबा म्हणाले, १२३४ ठेवा. जगात सगळ्यात जास्त लोक हाच ठेवतात, असं लेकीने सांगितलं, तर म्हणाले, "मग एवढे सगळे काय मूर्ख आहेत?" आईला घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ, पण एकाची घेतली की बाकीचे रुसणार. मग लेकीने गणित मांडलं. रोज तीच चार बटणं दाबली की ती झिजून चकचकीत होतात. चोराने नुसती ती पाहिली तरी त्याच्यापुढे २४ च शक्यता उरतात. त्यातला एक आकडा दोनदा वापरला तर बटणं झिजतात तीन, पण शक्यता होतात ३६! "म्हणजे चोराची डोकेफोड वाढली," बाबा म्हणाले, "आणि आपली?" यावर गणितात उत्तर नव्हतं.

एटीएमच्या जनकांपैकी एक, जॉन शेफर्ड-बॅरन, यांच्या मनात सहा आकडी पिन होता. बायकोने सांगितलं, मला चारच लक्षात राहतात, आणि चार ठरले, असं तेच सांगत. त्या माउलीचे आमच्या घरावर फार उपकार आहेत. सहा आकडे असते तर आम्ही अजून जिन्यातच असतो.

अलार्म लावला की बाहेर पडायला एक मिनिट मिळतं. आमच्या घरातून एका मिनिटात आजवर कोणी बाहेर पडलेलं नाही. गॅस बघायचा असतो, पाणी प्यायचं असतं, आणि निघता निघता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आठवायची असते. शेवटच्या दहा सेकंदांत कीपॅडची बीप घायकुतीला येते. तिच्यावर आई ओरडते, "हो गं बाई, निघालोच!"

परत येताना तीस सेकंद. दार उघडलं की बीप सुरू. चष्मा पिशवीत, पिशवी हातात, हात कुलपात. आई बिनचष्म्याची कीपॅडला नाक लावते आणि एकेक बटण चाचपत, मोठ्याने आकडा म्हणत दाबते. गुप्त कोड जिन्यातल्या सगळ्यांना पाठ झालाय, हे कोणी तिला सांगायला जात नाही. हिरवा दिवा लागला की ती पदराने बटणं पुसते. का, ते विचारायचं नाही.

रात्रीसाठी 'स्टे' मोड. यात घरातली माणसं मोकळी फिरू शकतात, दारं-खिडक्यांचे सेन्सर मात्र जागे असतात. मोकळं फिरण्यात खिडकी उघडणंही येतं, अशी बाबांची समजूत. पहाटे त्यांनी गार वारं घ्यायला खिडकी उघडली आणि सायरनने कानठळ्या बसल्या. आता सगळी इमारत धावून येणार म्हणून मी घाईघाईने शर्ट चढवला. कोणी आलं नाही. मोबाइलवर शेजाऱ्यांचा निरोप मात्र आला: "तुमचं ते बंद करा, झोपू द्या." एवढ्या खर्चाने आम्ही चोराला नेमकी कसली भीती घातलीय, याचा मी त्या पहाटे बराच विचार केला.

नंतर तो मुलगा पुन्हा आला आणि त्याने आणखी एक सोय सांगितली. चोराने मानेवर सुरी धरून अलार्म बंद करायला लावलं, तर नेहमीच्याऐवजी एक वेगळा कोड टाकायचा. अलार्म बंद झालेला दिसतो आणि मदतीचा निरोप गुपचूप जातो.

"मानेवर सुरी असताना दुसरा आकडा आठवायचा?" आई म्हणाली. "मी त्यालाच विचारीन, बाबा रे, यातला नेहमीचा कुठला आणि तुझ्यासाठीचा कुठला?"

ती सोय आम्ही घेतली नाही.